मदत हवी आहे: गुडघा ७० अंशांवर अडकलाय

टिबिअल प्लॅटोचं (नडगीच्या हाडाचा गुडघ्यातला वरचा भाग) फ्रॅक्चर, प्लेट-स्क्रू बसवून दहावा आठवडा. पेशंटचं वय ५२. एक्स-रेत हाड जुळतंय, निम्मं वजन टाकायला सर्जननी परवानगी दिलीय. पण गुडघा ७० अंशांपुढे वाकत नाही आणि पाय सरळ उचलताना १० अंशांचा लॅग राहतो (स्वतःच्या जोरावर गुडघा पूर्ण सरळ होत नाही, तेवढा वाकलेला राहतो).

सध्या टाच सरकवणं १५ वेळा, दिवसातून तीनदा, मांडीचा स्नायू आवळून ५ सेकंद धरणं, शेवटी बर्फ. वाटी वर-खाली जेमतेम हलते, मूळ अडचण तिथेच असावी. जोर लावून वाकवलं की रात्री सूज येते आणि दुसऱ्या दिवशी उलट कमी वाकतो. (तेलमालिश सुचवू नका, प्लीज.)

हलका पण सलग १०-१५ मिनिटांचा ताण पालथं झोपवून द्यावा की खुर्चीत बसवून? भूल देऊन गुडघा वाकवायचा विचार कधी करावा?