सुपरहीरोचा दुसरा भाग: हाणामारी हवी की थकलेलं भाडं?

माटुंगेकर
दुसऱ्या भागाला एक आयती सवलत असते. कोळी चावणं, प्रयोग फसणं, आईबाप मरणं हे सगळं आधीच उरकलेलं असतं. वाचलेल्या त्या वेळाचं दिग्दर्शक काय करतो, यावर मजा ठरते. बहुतेक जण दोन खलनायक वाढवतात आणि शेवटी अर्धं शहर पाडतात. माझ्या मते तो वेळ नायकाला छळण्यात घालवावा. सॅम रायमीचा 'स्पायडर-मॅन २' (२००४) बघा. पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनची, पिझ्झा पोचवायची नोकरी जाते, भाडं थकतं, कॉलेजात बोंब, आणि ताकद दगा देते तेव्हा पूर्ण पोशाखात लिफ्टने खाली यावं लागतं! म्हणून ट्रेनचा प्रसंग येतो तेव्हा जीव टांगणीला लागतो.

विरार फास्ट
भाडं थकलेलं बघायला तिकीट कशाला काढू? ते घरी फुकट दिसतं. आणि तू ज्याचं कौतुक करतोयस तो ट्रेनचा प्रसंग हाणामारीचाच आहे रे. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसचे चार यांत्रिक हात काढून टाक, मग काय उरतं? बेशुद्ध हीरोला प्रवासी डोक्यांवरून आत सरकवतात, तेवढंच. ते तर दादरला संध्याकाळी रोज होतं, शुद्धीत असताना.

लालबागची
माटुंगेकर, तुमचा नियम 'द डार्क नाइट'ला (२००८) लावून दाखवा. बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन अब्जाधीश, त्याचं भाडं कोण थकवणार? तो सिनेमा जोकरचा आहे. हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर उगाच नाही मिळालं. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन बडवतोय आणि जोकर हसतोय, तिथे इतकी ताकद असून काही चालत नाही. तेव्हा खलनायक चांगला लिहा, बाकी आपोआप होतं.

माटुंगेकर
पण तो जोकर भारी का वाटतो? त्याच्यामुळे ब्रूस जिवलग रेचलला गमावतो, सरकारी वकील हार्वी डेंट हातातून जातो आणि शेवटी डेंटचा दोषही ब्रूस स्वतःच्या डोक्यावर घेतो. माझा आग्रह भाड्याचा नाही, झळ बसण्याचा आहे. नुसत्या खलनायकांवर भागलं असतं तर 'स्पायडर-मॅन ३' (२००७) सगळ्यात भारी ठरला असता. तोच दिग्दर्शक, तोच नट. सँडमॅन, व्हेनम आणि वर हॅरी. तिघांत एकालाही धड वेळ मिळाला नाही.

मुलुंडचे काका
आपल्याकडे या की जरा. 'क्रिश ३' (२०१३) मध्येही कृष्णा लोकांना वाचवायला धावतो आणि नोकऱ्या घालवतो. आणि तेही मुंबईत! मग तो का नाही तुमच्या पीटरच्या पंक्तीला बसत?

माटुंगेकर
काका, हा मुद्दा खरंच चांगला आहे. पण तिथे नोकरी जाणं हा सुरुवातीचा विनोद आहे. काल नावाचा खलनायक आणि त्याचे मानवर (अर्धे माणूस, अर्धे प्राणी) आले की कथेला त्याची आठवणही राहत नाही. पीटर मात्र त्याच कटकटींना कंटाळून पोशाख कचऱ्यात टाकतो.

लालबागची
हे मात्र पटलं. तरी तो खलनायक काल लक्षात राहिला असता तर नोकरीचं कुणाला पडलं नसतं.

विरार फास्ट
तुम्ही दोघं सिनेमाला जाता की श्राद्धाला? 'थॉर: रॅग्नारॉक' (२०१७) आठवा. आधीच्या थॉरचा गंभीर चेहरा ताइका वाइटिटीने भिरकावून दिला आणि धमाल केली. छळबिळ काही नाही.

माटुंगेकर
काही नाही? हातोडा फुटला, केस कापले, बाप गेला, डोळा गेला, त्याचं राज्य म्हणजे अख्खं अ‍ॅसगार्ड खाक झालं.

विरार फास्ट
झालं असेल. त्यातल्या एकाही गोष्टीला आमच्या थिएटरात कुणी हळहळलं नाही. आखाड्यात हल्क आला तेव्हा मात्र शेजारच्याचे पॉपकॉर्न माझ्या मांडीवर आले.