त्वचेचा कर्करोग फॅमिली डॉक्टरांच्या नजरेतून सुटू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिस, नाशिकरोड):
माझ्या दवाखान्यात गजकर्ण, खरूज, कुरूप आणि टाचांच्या भेगा यांचे रुग्ण रोज येतात. त्वचेचा कर्करोग क्वचितच येतो आणि म्हणूनच तो आला तरी ओळखू येईल का, अशी धास्ती वाटते. तिळाचा असमान आकार, वेड्यावाकड्या कडा, अनेक रंग, ६ मिलिमीटरहून मोठा व्यास आणि होत जाणारा बदल हे पाच निकष शिकलो आहे. द्राक्षबागांत राबणाऱ्या सावळ्या रुग्णांना ते कितपत लागू पडतात? डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारे दिव्याचे भिंग) घ्यावा का?

उत्तर १ (त्वचारोगतज्ज्ञ):
यांपैकी पहिले चार निकष १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडले, ‘बदल’ २००४ मध्ये जोडला गेला, आणि त्यांच्यासमोर प्रामुख्याने गोऱ्या कातडीचे रुग्ण होते. आपल्याकडे मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, ज्यासाठी हे निकष आहेत) मुळात कमी आढळतो. परंतु होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसे पोहोचत नाही. अनेक नखांवर फिकट काळ्या रेघा असणे सावळ्या माणसांत स्वाभाविक आहे. एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, नवी रेघ उमटून रुंदावत असेल आणि काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरत असेल, तर बुरशीचे औषध देत बसू नये. डर्मोस्कोप जरूर घ्यावा, मात्र आधी शिकून. तळपायावर रंग रेषांच्या खाचांत असेल तर तो बहुधा निरुपद्रवी असतो, उंचवट्यांवर असेल तर संशय धरावा.

उत्तर २ (जनरल प्रॅक्टिस, निफाड):
गर्दीच्या ओपीडीत प्रत्येकाच्या चपला काढायला लावणे जमणार नाही, हे आधी मान्य करू. मधुमेहींचे पाय आपण तपासतोच (निदान तपासायला हवेत). त्याच वेळी तळवे आणि नखे पाहावीत. माझा अधिक भर जखमांवर असतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर वर्षानुवर्षांनी उघडलेली, कडा जाड झालेली जखम स्क्वॅमस सेल कर्करोगाची (त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या कर्करोगाची) असू शकते, पण रुग्ण ‘काटा रुतला होता’ एवढेच सांगतो आणि आपण ड्रेसिंग करत राहतो. मी केसपेपरवर पहिल्या ड्रेसिंगची तारीख लिहितो. चार आठवड्यांत जखम भरण्याकडे वळली नाही, तर बायोप्सीसाठी (तुकडा काढून तपासण्यासाठी) पाठवतो.

उत्तर ३ (पॅथॉलॉजिस्ट):
माझी तक्रार कॉटरीबद्दल (गाठ जाळून काढण्याबद्दल) आहे. चेहऱ्यावरचा काळसर, चकचकीत कडेचा ‘मस’ रुग्णाच्या आग्रहावरून जाळला जातो. तो बेसल सेल कर्करोग (त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींचा) असला तरी तपासायला काहीच उरत नाही. संशय असल्यास जाळू नये, आणि काढलेली प्रत्येक गाठ दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) पाठवावी. मेलानोमाची शंका असेल तर वरवर खरवडू नये, कारण गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर पुढचे उपचार बरेचसे ठरतात. तळपायावरचा मोठा डाग दवाखान्यात काढायला न घेता तज्ज्ञांकडे पाठवावा. फॉर्मवर नेमकी जागा, किती महिन्यांपासून आहे आणि तुमचा संशय काय, हे लिहावे. ‘स्किन, रुटीन’ एवढ्यावर आम्हाला फारसे सांगता येत नाही.