ढाबळ झाका, पण हवा कोंडू नका

दादा, थंडीसाठी कबुतरांची ढाबळ चारही बाजूंनी प्लास्टिकनं बंद करायची म्हणताय, तेवढं मात्र करू नका. आमच्या गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली जातो, तरी कोरडी थंडी धडधाकट कबुतर सहज काढतं. त्याला मारतो तो ओलावा आणि अंगावर येणारा वारा. कोंडलेल्या ढाबळीत विष्ठेचा वास डोळ्यांना झोंबायला लागला की श्वासाचे आजार आलेच. उत्तरेची बाजू पोत्यांनी झाका, वरची फट उघडी ठेवा. खाली धानाची कोरडी तणस टाका, ओली झाली की लगेच बदला.

दाण्यात मका वाढवा. सोबत ज्वारी, बाजरी, थोडा हरभरा, मूठभर करडई. मोठा खुराक संध्याकाळी. अंधार पडल्यावर छातीवरची दाण्याची पिशवी चाचपून बघा, भरलेली असली तर दाणे बोटांना लागतात. त्यावरच त्यांची रात्र निघते.

खरी काळजी पिल्लांची. आठ-दहा दिवसांची झाली की आईबाप रात्री त्यांच्यावर बसणं कमी करतात, आणि अंगावर तर अजून पिसांच्या नुसत्या नळ्या असतात. म्हणून लक्क्याच्या, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीच्या कबुतरांच्या, जोड्यांतले नर-मादी थंडी सरेपर्यंत वेगळे ठेवलेलेच बरे. आंघोळीचं पाणी भर दुपारी, उन्हातच द्या.