नाट्यगृह आणि कलासंस्था चालवायला शिकलेला व्यवस्थापक हवा की नको?

रंगपट
8 ऑगस्ट 2024च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली वास्तू. पुढे बोलणं झालं ते निधीचं आणि पुनर्बांधणीचं. ते व्हायलाच हवं. पण बांधून झाल्यावर रोज ती वास्तू चालवणार कोण, त्याला या कामाचं काही शिक्षण असणार का, हा प्रश्न माझ्या कानावर फारसा आला नाही.

आपल्याकडे नट घडवायची सोय आहे. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य शिकता येतं. नाट्यगृह किंवा संस्था चालवायचं शिक्षण मात्र आपण कधी महत्त्वाचं मानलंच नाही. पालिकेच्या नाट्यगृहात बरेचदा दुसऱ्या खात्यातून बदलून आलेला माणूस बसतो. दुपारचा प्रयोग उतरून रात्रीच्या नाटकाचा सेट लागायला किती वेळ लागतो, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत त्याची पुन्हा बदली होते. माणूस वाईट नसतो. त्याला हे काम कुणी शिकवलेलंच नसतं.

मला दोन गोष्टी हव्यात. एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यातला निम्मा वेळ चालत्या संस्थेत काम. आणि पालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहात त्या शिक्षणाची अट असलेलं पद.

तिसरी घंटा
साफ विरोध. मराठी नाटकाला व्यवस्थापक नाहीत असं वाटतं तुम्हाला? प्रत्येक निर्मात्याकडे आहेत. नटांसारखे नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक पैशांवर, काम करतात. कुठल्या गावात शनिवार चालतो, कुठे फक्त रविवार, प्रयोग विकत घेणारा कुठला कॉन्ट्रॅक्टर आधी पैसे देतो आणि कुठला रात्री फोन उचलत नाही, दहावीच्या परीक्षा आणि क्रिकेटचे सामने बघून तारखा कशा टाकायच्या, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. हे कुठल्या वर्गात शिकवणार?

अरुण काकडे घ्या. 1971 साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्यासोबत 'आविष्कार' उभी केली, 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेतल्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली, आणि 2019 मध्ये जाईपर्यंत ते संस्थेशी जोडलेले राहिले. कोर्स केला होता का त्यांनी? माणसं जोडायची आणि नाटक उभं राहील हे बघायचं, एवढं ते जन्मभर करत राहिले. तुमचा पदवीधर येईल, सादरीकरण दाखवेल, प्रेक्षकांचे गट पाडेल, आणि पहिला प्रश्न विचारेल की नाटकात टीव्ही मालिकेतलं नाव कोणतं. प्रायोगिक नाटकाच्या मुळावर येणारा प्रश्न आहे तो.

हिशेबनीस
काकडेंबद्दल आदर आहेच. पण त्यांच्यासारखा माणूस प्रत्येक संस्थेला मिळेल हे धरून कसं चालायचं?

मी तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या संगीत संस्थेचं दप्तर बघते. काय काय करावं लागतं ते सांगते, कारण सभागृहात बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. संस्था 1950च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली. कार्यकारिणी बदलली की कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्या आधीच्या मंडळींनी तो दिला नाही. सगळी जुनी, प्रेमळ, गाण्यातली माणसं. परिणाम असा की कागदोपत्री विश्वस्त म्हणून अजून वारलेल्या माणसांची नावं, आणि बँक नवीन सही घेईना. 12ए आणि 80जीची, म्हणजे संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी आता एकदा करून विसरता येत नाही, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी घ्यायचा तर सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी हवी. 2013च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे, पण आमच्या भागातल्या किती संस्थांनी त्यासाठी कधी एखादा अर्ज केला? रागदारी शिकवणाऱ्या गुरुजींनी हे करायचं का? त्यांनी रियाज करावा. यासाठी वेगळा माणूस हवा, शिकलेला हवा, आणि त्याला पगार हवा.

तिसरी घंटा
मग सीए ठेवा. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाचा इथे काय संबंध?

हिशेबनीस
सीए वर्षाअखेरीस ताळेबंदावर सही करतो. पुढच्या वर्षी काय कार्यक्रम करायचे, त्याला किती लागतील, त्यातले तिकिटातून किती आणि देणगीतून किती, आणि देणगीदाराने मुख्य गायक बदला म्हटलं तर त्याला नाही कसं म्हणायचं, हे सीए सांगत नाही. शेवटचं तर सर्वांत अवघड आहे.

करवीरकर
इतिहासही बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली गेले. त्यांची नाटक कंपनी त्यानंतरही टिकली, त्यात शंकरराव मुजुमदारांच्या कारभाराचा मोठा वाटा. मात्र 1913 मध्ये त्याच कंपनीतून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिथे मग उलटं झालं. खरे भरजरी शालू, अत्तरं, नाटकावर वाटेल तेवढा खर्च. टेंबे गेले, बोडस गेले, कंपनी कर्जात बुडाली, आणि ते कर्ज फेडण्यात त्या थोर नटाची उमेदीची वर्षं गेली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. पण 'बालगंधर्वांना चांगला मॅनेजर हवा होता' एवढंच म्हणून भागत नाही, कारण मॅनेजर असलेली कंपनी ते सोडूनच आले होते. नटाला मान्य होईल असा कारभारी कसा घडतो, हा खरा प्रश्न. माझं मत अभ्यासक्रमाच्या बाजूने, पण शिकवणाऱ्यांत निम्मे कलावंत असतील तरच.

मांडवीकाठ
मी पणजीचा. आमच्याकडे कला अकादमी आहे, चार्ल्स कोरियांनी रचलेली इमारत. नूतनीकरणाचं काम चालू असताना जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. रात्रीची वेळ, कुणी खाली नव्हतं. त्या वेळी अकादमीत जगातला सर्वांत हुशार कला व्यवस्थापक बसवला असता तरी काय फरक पडला असता? काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, निर्णय मंत्र्यांकडे. रंगपट, तुमच्या दोन मागण्यांत तिसरी आणि पहिल्या नंबरची घाला: अधिकार. काम थांबवण्याचा, तारखा ठरवण्याचा, खर्चाला मंजुरी देण्याचा. तो नसेल तर शिकलेला माणूस वर्षभरात कंटाळून निघून जाईल आणि तुम्ही म्हणाल, शिक्षण उपयोगाचं नव्हतं.

दुसरं, सेरेंडिपिटी कला महोत्सव 2016 पासून आमच्याकडे होतो. डिसेंबरमध्ये गोव्यातली पोरं तिथे राबतात, मंच उभारणीपासून पाहुण्यांच्या व्यवस्थेपर्यंत सगळं बघतात. उत्तम शाळाच ती. पण जानेवारीत त्यांनी कुठे जायचं?

विंगेतली
मांडवीकाठ यांचा शेवटचा प्रश्न माझा आहे. मी कला व्यवस्थापन शिकले. राज्याबाहेर. परत आल्यावर एका नामवंत संस्थेने सांगितलं, 'काम कर, पण मानधनाचं बघू.' दीड वर्षानंतरही ते बघितलंच जात होतं. गाणाऱ्याला बिदागी, तबलजीला बिदागी, मांडववाल्याला बिल, आणि कार्यक्रम उभा करणाऱ्या माणसाने सेवा करायची! आता मी एका बँकेच्या जाहिरात विभागात आहे. ललित कलांवर माझं प्रेम कमी झालेलं नाही, घरभाडं वाढलंय. पदं नसतील तर अभ्यासक्रम काढू नका. तरुणांची फसवणूक होते.

रंगपट
विंगेतली, म्हणूनच अभ्यासक्रम आणि पद एकत्र मागतोय. मांडवीकाठ, अधिकाराची मागणी मान्य, पहिल्या क्रमांकावर.

अभ्यासक्रम कसा असावा याचा एक नमुनाही आहे. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, इंडिया थिएटर फोरम आणि जुनून यांनी मिळून नाट्यगटांसाठी 'स्मार्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात बाहेरचा पदवीधर आणून गटावर लादत नाहीत. गटातलीच माणसं शिकतात आणि आपल्याच गटाची पुढच्या काही वर्षांची आखणी करतात. मराठीतून असं काही उभं करायला काय हरकत आहे? तिसरी घंटा, तुम्ही म्हणता ती तारखांची आणि दौऱ्यांची विद्या त्यात पहिल्या महिन्यात शिकवू. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की लागतो, मग दर कुठे थांबवायचा हे तुमच्यासारखाच माणूस नीट सांगेल. शिकवायला याल?

तिसरी घंटा
शिकवायला येईन, मनापासून. विरोध अटीला आहे आणि राहील. माझ्या ओळखीतले बरेच व्यवस्थापक बॅकस्टेजला ट्रंका उचलत वर आले. काहींची दहावीही झालेली नाही. उद्या पालिकेने 'पदविका आवश्यक' अशी जाहिरात काढली की जन्म नाट्यगृहात काढलेला माणूस दारातूनच परत जाणार, आणि एक वर्षात शिकलेला त्याच्यावर साहेब होणार. दहा वर्षं प्रयोग लावलेल्या माणसाला त्या पदविकेइतकंच पात्र धरा, तसं जाहिरातीत लिहा. मग तुमच्या मागण्यांखाली पहिली सही माझी.

हिशेबनीस
धरा, पण बदल अर्ज भरायला त्यालाही शिकावं लागेल. त्यातून सूट नाही.