३० खाटांचं रुग्णालय, नाशिक: ऑक्सिजनचा मॅनिफोल्ड किती मोठा?

इंदिरानगर_साइट: ६ खाटांचं आयसीयू, २४ वॉर्डच्या. मॅनिफोल्डला, म्हणजे एका पाइपला जोडलेल्या सिलिंडरच्या संचाला, जंबो (मोठे) सिलिंडर किती धरावेत?

गॅसलाइनवाला: आयसीयू ६ × १० लिटर, वॉर्डात एका वेळी ६ × ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ९० लिटर. दिवसाचे १,२९,६०० लिटर. जंबोत साधारण ७,००० लिटर मावतात, म्हणून रोज १९. सिलिंडरचे दोन गट (बँका), १०+१०; एक संपला की आपोआप दुसरा सुरू होणारे. पण हाय-फ्लो मशीन (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं) येणार असेल तर हिशोब कोसळतो: मिनिटाला ६० लिटरवर चालणारं एकच मशीन रोज १२ सिलिंडर खातं!

प्लांट_अभियंता: या दोन बँकांशिवाय आणीबाणीचा मॅनिफोल्ड वेगळाच हवा. आपल्या नाशकातच २०२१ मध्ये झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि माणसं दगावली. हा खर्च कृपया वाचवू नका.

तांब्याचे पाइप तेलविरहित घ्या. ब्रेझिंग (पाइप तापवून सांधणं) करताना आतून नायट्रोजन सोडायला लावा, नाहीतर आत ऑक्साइडची काळी खपली धरते आणि तीच पुढे फ्लोमीटरमध्ये (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणात) अडकते.

इंदिरानगर_साइट: लाइन बंद करायचे व्हॉल्व्ह कुठे?

गॅसलाइनवाला: प्रत्येक विभागाबाहेर, हात पोचेल असा. कपाटामागे नको. दाबाचा अलार्म नर्सिंग स्टेशनवर.