रविवारी डरहॅम: हायवे 147 ने या, पण जरा हळू

प्रेषक: मीनल
नमस्कार मंडळी,
भारतातून आलेल्या सासूसासऱ्यांना घेऊन रविवारी इथल्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला जायचं ठरलंय. ड्यूक विद्यापीठाचं चॅपल, बाग, मग डबे उघडून जेवण. केरी गावच्या मंडळींनी हायवे 40 वरून 885 आणि पुढे 147 धरावा. साबुदाण्याची खिचडी कोण आणणार?

प्रेषक: श्रीरंग
मीनल, खिचडी आमच्याकडे. दाण्याचं कूट जास्त घालणार, आधीच सांगून ठेवतो.
एक सुचवू? 147 वर फेएटव्हिल स्ट्रीटच्या एक्झिटला उतरा. ज्या रस्त्याने आपण भुर्रकन जातो, तो हेटाय नावाच्या वस्तीच्या छातीवरून गेलाय. नाव हैती देशावरून, पण इथले लोक हेटायच म्हणतात. दुकानं, हॉटेलं, थिएटर, दवाखाने, बरंचसं काळ्यांच्या मालकीचं होतं.

प्रेषक: निनाद
काका, ती ब्लॅक वॉल स्ट्रीट ना, काळ्यांच्या धंद्यांची? 1921 मध्ये जाळली ती? एका सिरीजमध्ये पाहिलं होतं.

प्रेषक: श्रीरंग
निनाद, ती ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली ग्रीनवुड वस्ती. इथे कोणी काडी ओढली नाही. इथे ठराव झाले.
इथे ब्लॅक वॉल स्ट्रीट म्हणत ती डाउनटाउनमधली पॅरिश स्ट्रीट; हेटाय रुळांच्या दक्षिणेला. पॅरिश स्ट्रीटवर नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही विमा कंपनी आणि 1908 मध्ये उघडलेली मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक. म्युच्युअल 1898 ची. संस्थापकांपैकी जॉन मेरिक गुलामीत जन्मलेला, धंद्याने न्हावी. तंबाखूसम्राट वॉशिंग्टन ड्यूकची दाढी तोच करायचा. जोडीला डॉ. एरन मूर. मोठ्या गोऱ्या कंपन्या काळ्यांना एकतर विमा देत नसत, नाहीतर तेवढ्याच हप्त्यात रक्कम कमी देत. पहिला मृत्यूदावा आला 40 डॉलरचा, तर तिजोरीत तेवढेही नव्हते. दोघांनी पदरचे घातले. पुढे सी. सी. स्पॉल्डिंग आला, तेव्हा मॅनेजर, एजंट आणि झाडूवाला तो एकटाच. काळ्यांचा मोठा विचारवंत ड्यू बॉइस, त्याने 1912 मध्ये डरहॅमवर कौतुकाचा लेख लिहिला. (याच ड्यू बॉइसला बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं.)
आता मोडलं कसं ते. 'अर्बन रिन्युअल'च्या, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून नव्याने बांधायच्या योजनेच्या, कर्जरोख्यांवर 1962 मध्ये मतदान झालं. काळ्यांच्या पुढाऱ्यांनीही पाठिंबा दिला, कारण नवी घरं आणि नवी दुकानं कबूल केली होती. घरं पाडली, चार हजारांहून अधिक कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास धंदे हलवले गेले, हायवे आला. कबूल केलेलं बरंचसं आलंच नाही. काही दुकानदारांना तात्पुरते पत्र्याचे गाळे मिळाले. लोक त्याला टिन सिटी म्हणायचे. मला हे जाळण्यापेक्षा जास्त बोचतं. आगीला निदान कोणी 'विकास' म्हणत नाही.

प्रेषक: निनाद
काका, पण घरं खरंच पडायला आली होती असंही वाचलंय. रस्ते कच्चे, गटारं नाहीत.

प्रेषक: श्रीरंग
काही भागात होतीच. पण गटारं घालणं नगरपालिकेचं काम ना? आधी घालायची नाहीत आणि मग वस्ती घाण म्हणून पाडायची, हे चाळी-झोपडपट्ट्यांत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

प्रेषक: मीनल
काका, कार्यक्रम बदलला. आधी सेंट जोसेफ चर्च, तिथे आता हेटाय हेरिटेज सेंटर आहे. हायवेच्या अगदी कडेला. कळसाकडे बघा: क्रॉस नाही, हैतीतल्या वूडू धर्मातल्या देवतेचं चिन्ह आहे. मग पॅरिश स्ट्रीट, मग चॅपल. बागेला वेळ उरला तर बघू.
तुमचा मेल सासऱ्यांना वाचून दाखवला. ते आयुष्यभर विम्याचे एजंट. म्हणाले, "चाळीस डॉलर पदरचे घातले ना, तिथेच कंपनी उभी राहिली. दावा चुकवला असता तर दुसऱ्या दिवशी गल्लीत कोणी दार उघडलं नसतं." मग विचारलं, हप्ता महिन्याचा की आठवड्याचा?

प्रेषक: श्रीरंग
आठवड्याचा, काही सेंट. एजंट वही घेऊन दारोदार जायचा. त्यांना माझ्या गाडीत बसवा. आणि खिचडीत हिरवी मिरची चालते ना त्यांना?