वडिलांचं बोलणं आईला कळतं, फोनला कळत नाही. काय करता येईल?

डावखुरी:
बाबांना पक्षाघात होऊन चौदा महिने झाले. उजवा हात अजून साथ देत नाही आणि बोलणं जड झालंय. कागदावर निदान 'डिसार्थ्रिया' असं आहे. डोकं एकदम शाबूत. शब्दकोडं सोडवतात, मी फक्त चौकोन भरते. जीभ आणि ओठ तेवढे वेळेवर हलत नाहीत. लिहिता येत नाही म्हणून मी त्यांना फोनवर बोलून टाइप करायला शिकवलं, आणि आता वाटतंय उगाच शिकवलं.

'पाणी' म्हणाले की 'आणि' उमटतं. 'औषध दे'चं 'अवघड आहे' झालं तेव्हा बाबा स्वतःच हसले. म्हणाले, खरंच लिहिलंय की! पण हसू एकाच दिवसाचं. ते दोन शब्द बोलतात, श्वास घ्यायला थांबतात आणि तेवढ्यात टुंग! माइक बंद. परत दाबा. परत टुंग. तिसऱ्यांदा ते ओरडतात, आणि ओरडलं की शब्द आणखीच फाटतात. मग फोन पालथा घालून तासभर कोणाशीच बोलत नाहीत. आईला मात्र त्यांचं सगळं कळतं, तेही दुसऱ्या खोलीतून.

फोनला त्यांचा आवाज शिकवता येतो का? आणि 'फोनला कळेपर्यंत परत परत म्हणा' हा सराव म्हणून बरा की वाईट? एक काका म्हणतात बरा. मला पटत नाहीये.

टाळू_दंत_ओष्ठ:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. फोनला परीक्षक करू नका. तो 'नापास' एवढंच सांगतो, कुठे चुकलं ते सांगत नाही.

'प' म्हणायला ओठ घट्ट मिटावे लागतात. ओठ ढिले राहिले की 'पाणी'तला 'प' गळतो आणि 'आणी' उरतं. म्हणजे फोनने जे ऐकलं ते जवळपास तसंच होतं! आईलाही 'आणी'च ऐकू येत असणार, पण गोळीची वेळ झाली आहे हे तिला माहीत असतं. तुम्ही ज्याला 'कळणं' म्हणता त्यातलं निम्मं काम हा संदर्भ करतो.

आजच करण्यासारखं एक सांगते. एका पुठ्ठ्यावर ठळक मुळाक्षरं लिहा. बाराखडी नको, नुसते स्वर आणि व्यंजनं. प्रत्येक शब्द म्हणताना त्याच्या पहिल्या अक्षरावर बाबांनी डाव्या हाताचं बोट ठेवायचं. ऐकणाऱ्याला सुरुवात कळते, आणि अक्षर शोधण्यात बोलण्याचा वेग आपोआप उतरतो. डिसार्थ्रियात वेग उतरला की बऱ्याच जणांचं बोलणं समजायला लागतं.

आणि ओरडू देऊ नका. पार्किन्सनमध्ये मोठ्याने बोलण्याचा सराव मुद्दाम करून घेतात. ते बघून लोक सगळ्यांनाच 'जोरात बोला' सांगत सुटतात. बाबांसाठी काय योग्य ते त्यांच्या थेरपिस्टलाच ठरवू द्या.

तरंगलांबी:
मी ध्वनी-ओळखीच्या प्रणालींवर काम करतो. तुमच्या 'टुंग'मागे वेगळाच भाग आहे. शब्द ओळखणं हे एक काम आणि 'माणसाचं बोलून झालं' हे ठरवणं दुसरं. त्यासाठी किती वेळ थांबायचं ते झरझर बोलणाऱ्यांच्या हिशेबाने बसवलेलं असतं. आयफोनमध्ये २०२२ पासून सिरीने, म्हणजे त्यातल्या बोलक्या मदतनिसाने, किती वेळ वाट बघायची ते ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये वाढवता येतं, पण ती सोय सिरीपुरती, बोलून टाइप करण्यासाठी नाही.

आवाज शिकवण्याबद्दल. गूगलने २०१९ साली 'प्रोजेक्ट युफोनिया' जाहीर केला. अस्पष्ट बोलणाऱ्यांकडून ठरावीक वाक्यं म्हणवून घ्यायची आणि यंत्र त्या माणसापुरतं जुळवायचं, असं ते काम. २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अशाच आवाजांचा संग्रह सुरू झाला. त्यामागे ॲपल, ॲमेझॉन, गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट असे एरवीचे प्रतिस्पर्धी एकत्र आहेत. दोन्हीकडे सुरुवात इंग्रजीने.

गंमत अशी की १९५२ सालचं अमेरिकेतल्या बेल लॅब्सचं 'ऑड्री' हे यंत्र फक्त शून्य ते नऊ अंक ओळखायचं, तेही ज्याच्या आवाजावर जुळवलंय त्याचेच नीट. पुढे 'कोणाचंही ओळखेल' असं यंत्र करण्यात सगळ्यांची हयात गेली. तुमच्या बाबांना मात्र ती जुनीच तऱ्हा हवी आहे, एका माणसाचं यंत्र.

तसं थोडंसं आज मिळतं. आयफोनच्या २०२४ च्या आयओएस १८ या प्रणालीत 'व्होकल शॉर्टकट्स' आहे. आपला एक उच्चार तीनदा नोंदवायचा आणि त्याला एक काम जोडून द्यायचं. उच्चार शुद्ध असायची गरज नाही, दर वेळी सारखा असला की झालं. आईला फोन लावण्यापुरतं तरी जमेल.

एक सावधगिरी. आवाजावरून आपोआप मजकूर करून डॉक्टरांना पाठवणार असाल तर आधी वाचून बघा. २०२४ च्या एका अभ्यासात ओपनएआयच्या 'व्हिस्पर'ने सुमारे एक टक्का ध्वनिफितींत कोणी न उच्चारलेली वाक्यं घुसडलेली आढळली. बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त होत होतं.

थांबा_बोलतोय:
मी तोतरा आहे, त्यामुळे 'टुंग'शी जुनी ओळख. माझं अडखळणं बहुतेकदा मुकं असतं. तोंड उघडं, आवाज शून्य. समोरचा माणूस निदान माझं तोंड बघतो, फोनला नुसती शांतता मिळते. 'म म मला' म्हटलं तर कधी 'मम्मी मला' येतं, कधी सगळं गाळून 'मला'. दुसरं लोकांना आवडतं. मला नाही आवडत. मी बोललो ते ते नव्हतं.

थेरपिस्टताईंशी एक भांडण. वेग उतरवा, पहिलं अक्षर दाखवा, हे आईसाठी ठीक. फोनसाठी माणसाने का बदलायचं? मी डिक्टेशन सोडलं. आवाजी निरोप पाठवतो. ज्याला ऐकायचंय तो ऐकतो.

टाळू_दंत_ओष्ठ:
भांडण मान्य. मी तक्ता माणसांसाठीच सांगितला होता.

डावखुरी:
नऊ दिवसांनी येतेय. तक्ता केला. पहिले दोन दिवस बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, शाळेतला वाटला असावा. मग कोड्यातला एक शब्द मला काही केल्या कळेना, तेव्हा चिडून 'झ'वर बोट आपटलं. 'झरोका' होता. त्यानंतर मी न सांगताच बाबा तो वापरायला लागले.

परवा रात्री मी ह्या शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांनी तक्ता ओढला. फ. ठ. ज. घ. "फोन ठेव. जेवून घे." सगळं कळलं. आई तेव्हा खोलीत नव्हती.

तरंगलांबी, एक अडचण आहे. सकाळी तीनदा नोंदवलेली हाक संध्याकाळी ओळखत नाही. दमले की आवाज पार बदलतो.

तरंगलांबी:
दुपारनंतर, दमलेले असताना दुसरी नोंद करा आणि तिलाही तेच काम जोडा. उच्चार मोठा घ्या. एकाक्षरी हाक घेतलीत तर खोकल्यालाही फोन लागेल.

डावखुरी:
लागलाय. आई दोनदा धावत आली.